आमचा गट कुठं आहे, ॲपला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ‘ई-पीक पाहणीकडे शेतकऱ्यांची पाठ’ ही बातमी वाचली. ई-पीक पाहणी म्हणजे आपल्या रानातलं पीक आपणच मोबाईलच्या ॲपवर नोंदवायचं. आत ‘शेतकऱ्यांच्या उदासीनतेमुळे’ असंही छापलंय. चष्मा पुसून दोनदा वाचलं. आपल्या बातमीदारांनी एकदा आमच्या रानात यावं. चहा आमच्याकडून, रेंज मात्र त्यांनी सोबत आणावी.

ऑगस्टच्या अखेरीस पुतण्याला घेऊन मी पीक नोंदवायला गेलो. साडेतीन एकर सोयाबीन, मधून तुरीचे तास. आदल्या रात्रीच्या पावसानं पिंडरीपर्यंत चिखल. आमच्याच बांधावर, आजोबांनी लावलेल्या चिंचेखाली उभं राहून ॲप उघडलं, तर ते म्हणतं तुम्ही गटापासून 212 मीटर दूर आहात! गट म्हणजे सातबाऱ्यावरचं आमचंच रान. बरं बाबा, असू. आकडा कमी होईल तिकडं चालत सुटलो. ओढा ओलांडला आणि थेट शेजाऱ्याच्या उसात शिरलो. तिथं ॲपला आमचं रान सापडलं. पुतण्या फोटो काढतोय तोवर शेजारी हजर. “गुरुजी, माझ्या उसात काय हुडकायलाव?”

“माझं सोयाबीन,” म्हणालो. दुसरं काय सांगणार?

नंतर चार दिवस सर्व्हर गोल-गोल फिरत होता. शेवटी रात्री दीड वाजता पुतण्या माळवदावर चढला तेव्हा नोंद गेली. पीक सोयाबीन, फोटो उसाचा. ॲपनं चकार शब्द काढला नाही.

2021 मध्ये हे ॲप येण्याआधी तलाठी पारावर बसून अख्ख्या शिवाराला एकच पीक लिहायचे, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यांनी कधी माझं सोयाबीन ओढ्यापलीकडं नेलं नव्हतं.

आणि ही नोंद आम्ही काय हौसेनं करतो? सातबाऱ्यावर पेरा नसला की सोयाबीनचा 2025-26 चा क्विंटलला 5,328 रुपयांचा हमीभाव आमच्यासाठी नुसता वाचायला. खरेदी केंद्रावर कुणी उभं करत नाही. एक रुपयाचा पीक विमाही 2025 मध्ये गेला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता भरा, वर पुन्हा ही पाहणी. असल्या कामाला पाठ फिरवायची ऐपत आमच्यात नाही, साहेब.

पडताळणीला कुणी येणार असेल तर आधी शेजाऱ्याला विचारून यावं. ऊस त्याचा आहे.

जाता जाता आणखी एक. लातूरच्या आडतीचे भाव आपण पूर्वी ठळक चौकटीत द्यायचात. आता ते मुंगीएवढ्या अक्षरात असतात, मी भिंग लावून वाचतो. परवा तेही नव्हते. त्या जागी डिजिटल कारभाराची पाऊण पान जाहिरात होती. ती मात्र भिंगाशिवाय दिसली.

कळावे,
एक निवृत्त शिक्षक व जुना वर्गणीदार,
ता. औसा, जि. लातूर