त्या अठरा मुलांच्या इंग्रजीबद्दल

खानापूर
रविवार, रात्री

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. "आई, माझ्या दहावीच्या वर्गातले बेचाळीसपैकी अठरा जण इंग्रजीत उडतील असं दिसतंय, आणि मुख्याध्यापक म्हणतात त्यांना आत्तापासूनच पासिंग पॅकेज द्या," एवढं बोललीस आणि तुझी बस आली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या मुख्याध्यापकांबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. दहावीचा निकाल लागला की त्यांना वरपर्यंत उत्तर द्यावं लागतं. पासिंग पॅकेज म्हणजे काही पाप नाही. दोन कविता पाठ, पत्राचे दोन नमुने, नेहमी येणारे व्याकरणाचे चार प्रश्न, हे फेब्रुवारीत त्या अठरा जणांच्या हातात असलंच पाहिजे. मीही दिलंय. खरी अडचण ते नोव्हेंबरात देण्याची आहे. आत्ता दिलंस तर मुलं त्यापलीकडचं पुस्तक मिटून ठेवतील, आणि "आपण पॅकेजवाले" हा शिक्का स्वतःच स्वतःवर मारून घेतील. तो शिक्का मार्चपर्यंत निघत नाही.

आणि एक हिशेब त्यांच्यापुढे मांड. आपल्या कर्नाटक बोर्डाच्या दहावीत मराठी माध्यमाच्या पोरांना पहिली भाषा मराठी १२५ गुणांची, दुसरी इंग्रजी १०० ची, तिसरी कन्नड १०० ची. म्हणजे एकूण ६२५ पैकी ३२५ गुण नुसत्या भाषांचे. निम्म्याहून जास्त. इंग्रजीच्या १०० मधले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, लेखी पेपर ८० चा. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे त्याला हे आकडे फळ्यावर मांडून दाखव. आमच्या वर्गात मी हे केलं की मागच्या बाकावरची मुलं प्रथमच मान वर करून फळ्याकडे बघायची.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बाबांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. नोकरीचं चौथं वर्ष होतं. तेव्हाच्या शाळेत निकाल कमी लागत होता, म्हणून मी सगळ्या वर्गाकडून एकच निबंध घोटून घेतला होता, प्रदूषणावरचा. बावीस ओळी. रोज प्रार्थनेनंतर म्हणायला लावायचे. जांबोटीच्या बाजूच्या एका वाडीवरून एक मुलगी यायची, पावसात दोन-दोन दिवस बस यायची नाही तर चालत यायची. अक्षर मोत्यासारखं. तिने तो निबंध एकही चूक न करता पाठ केला होता. पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते. ती आनंदात आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही दिलेला निबंध आला नव्हता. वाचनाच्या आवडीवर आला होता. खरं मी तुमचा पूर्ण लिहून आलोय, एक ओळ सोडली नाही."

तिला त्यात काही चुकल्याचं कळलंच नव्हतं. कळणार कसं? वर्षभर मी तिला तेच शिकवलं होतं की इंग्रजी म्हणजे बाईंनी दिलेलं जसंच्या तसं उतरवायचं. थोड्या गुणांनी ती राहिली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला घरचे तयार झाले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. अनघा, त्या मुलीला विचार करून चार वाक्यं लिहायला शिकवलं असतं, "आय लाइक टु रीड. माय ब्रदर रीड्स विथ मी" एवढं जरी, तरी त्या प्रश्नाचे काही गुण तिला नक्की मिळाले असते.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पुढचे दोन महिने त्या अठरा जणांना रोज स्वतःची चार वाक्यं लिहायला लाव. स्वतःची म्हणजे त्यांच्या घरातली, गल्लीतली, शेतातली. कितीही मोडकी असोत. गाइडमधलं काही नको.

प्रोफाइलचा प्रश्न येतो ना, नाव, वय, उंची, शिक्षण, छंद असं तुकड्या-तुकड्यांनी देतात आणि परिच्छेद करायला सांगतात? मुलं ते तुकडेच खाली उतरवतात, क्रियापदच घालत नाहीत. कारण ज्या माणसाची माहिती दिलेली असते तो त्यांचा कुणीच नसतो. मी तो प्रश्न आजीवर सुरू केला. प्रत्येकाने घरी जाऊन आजीला विचारायचं, तिचं वय, माहेर, काय करते, काय आवडतं. एका मुलीने लिहून आणलं, "माय ग्रँडमदर इज सिक्स्टी टू. शी सेल्स करवंदं इन खानापूर बाजार. शी डझ नॉट लाइक टी विदाउट शुगर." करवंदाला इंग्रजी शब्द तिला ठाऊक नव्हता, मी तो तसाच राहू दिला. 'सेल्स'मधला शेवटचा एस तिने स्वतःहून घातला होता. नियम तीन महिने सांगून जो एस येत नव्हता तो आजीमुळे आला. तुझ्याकडे निपाणीच्या बाजूला कुणाची आजी तंबाखूच्या वखारीत असेल, कुणाची बिड्या वळत असेल. विचारून तर बघ.

वर्णनाचंही तसंच. नकाशावर न सापडणाऱ्या गावांबद्दल लिहायला सांगितलं की पोरं गप्प. नंदगडच्या मुलांना मी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीवर लिहायला सांगितलं, हलशीच्या मुलांना तिथल्या देवळावर. लिहिली की त्यांनी.

आता मुलांच्या घरच्या बोलीबद्दल. इथे आपल्या लोकांकडून फार अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. आपली मुलं घरी म्हणतात, "मी पुस्तक वाचलो." मराठीच्या तासाला त्यांना दटावतात, "मी पुस्तक वाचले म्हण." ते त्या तासाला बरोबरच आहे. तुझ्या तासाला मात्र ते वाक्य हिऱ्यासारखं आहे बघ. 'वाचलो' 'मी'ला धरून चालतं, अगदी 'आय रेड अ बुक'सारखं. घोळ होतो तो प्रमाण मराठीतल्या 'ने'मुळे. "रामाने आंबा खाल्ला" या वाक्यातल्या 'ने'ला मुलं 'बाय' समजतात आणि पॅसिव्ह व्हॉइस विचारलेला नसतानाही 'मँगो वॉज ईटन बाय राम' लिहून येतात. मी फळ्यावर बोलीतलं 'राम आंबा खाल्ला' आणि प्रमाण 'रामाने आंबा खाल्ला' शेजारी शेजारी लिहायचे आणि विचारायचे, खाणारा कोण? बोट त्याच्यावर ठेवा. इंग्रजी वाक्यात तो आधी आला तर साधं वाक्य, आंबा आधी आला तर पॅसिव्ह. दोन तासांत सुटायचं.

आणि आपला तो 'खरं'! एकाने भाषांतरात लिहिलं होतं, "आय केम ट्रू टीचर नॉट." मी आधी लाल रेघ ओढली. मग मोठ्याने वाचून बघितलं: मी आलो खरं बाई नव्हत्या. मुलगा अगदी बरोबर बोलत होता, फक्त आपल्याकडचा 'खरं' म्हणजे 'बट' हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून चुकीवर रेघ ओढायच्या आधी ते वाक्य मी मनात आपल्या बोलीत वाचायला लागले. तूही वाच. निम्म्या चुकांचं मूळ तिथेच सापडेल.

रिपोर्टेड स्पीच, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणं, त्यातल्या चुकांचं मूळही तिथेच आहे. आपण म्हणतो, "मी उद्या येतो म्हणून सांगितला." बोलणारा 'मी' जसाच्या तसा राहतो. म्हणून मुलं 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' लिहितात, आणि सर्वनामं बदलण्याचा तक्ता शंभरदा पाठ करूनही चुकतात. तक्ता बाजूला ठेव. मी एका मुलाला शेजारच्या वर्गात पाठवलं, जा आणि सांग, 'आय नीड माय रजिस्टर.' तो तिथे जाऊन तसंच म्हणाला. तिथल्या सरांनी विचारलं, कुणाला हवंय, तुला? तो दारातच थांबला, विचार केला आणि म्हणाला, "शी. शी नीड्स हर रजिस्टर." सगळा वर्ग खिडकीतून ऐकत होता. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? मग 'नीडेड'पर्यंत आम्ही मिळून पोचलो. हा खेळ आठवडाभर खेळ, रोज दोघांना पाठव. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना आधी सांगून ठेव म्हणजे झालं.

सिलॅबल म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा; त्याच्या प्रश्नाला पोरं अक्षरं मोजतात. 'बस' म्हटलं की ब आणि स, दोन; खरा असतो एकच. शिवाय कन्नड कानावर पडून पडून कुणी 'बस्सु' म्हणतो, त्याचेही दोनच होतात. हनुवटीखाली हाताचा पंजा धरायला लाव आणि शब्द सावकाश म्हणायला सांग. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल. फादरला दोन, एज्युकेशनला चार. एकेका गुणाचा प्रश्न आहे, पण सर्वांत कच्च्या मुलालाही तो पूर्ण मिळतो, आणि पेपरात पहिला गुण मिळाल्याची खात्री झाली की हात मोकळा होतो.

पाठांतर सगळंच सोड असं मी म्हणत नाही हं. कवितेच्या ओळी आठवून लिहायच्या असतात, त्या पाठच हव्यात, विरामचिन्हांसकट. पत्राचा सांगाडाही पाठ हवा: पत्ता कुठे, तारीख कुठे, मायना, विषय, शेवट. पत्राला पाच गुण असतात आणि सांगाडा नीट असला तर त्यातले काही हमखास पदरात पडतात. फक्त एक नीट बजाव. प्रश्नातच सांगितलेलं असतं की तुम्ही अमक्या गावचे अमके आहात असं समजा. तेच नाव, तेच गाव घालायचं. आपली मुलं घाईत स्वतःचं नाव आणि शाळा लिहून येतात. सुरुवातीची पंधरा मिनिटं पेपर वाचायला असतात, त्यात त्या नावाखाली बोटाने रेघ ओढायची सवय लाव.

कॉपीबद्दल तू विचारलं होतंस, वर्गात कुणी कुणी बोलतात म्हणून. २०२४ च्या परीक्षेपासून खोल्यांमध्ये कॅमेरे आलेत, हे मुलांना सांग, पण भीती घालायला सांगू नकोस. स्वतःची चार वाक्यं ज्याला येतात त्याला कॅमेऱ्याचं काय? आणि त्याच वर्षापासून परीक्षा एक, परीक्षा दोन अशा एकाहून जास्त संधी मिळतात, ज्या परीक्षेत जास्त गुण पडतील ते धरतात. हे मात्र पालकांना बोलावून सांग, मुलींच्या आयांना तर नक्कीच. पहिल्या परीक्षेत राहिली म्हणजे शाळा संपली असं समजून मुलीला घरी बसवायची गरज नाही, हे त्यांच्या कानावर पडलं पाहिजे. माझ्या त्या मुलीच्या वेळी हे नव्हतं. आता कर्नाटकात मुलींना सरकारी बसला तिकिटाचे पैसेही लागत नाहीत, तेव्हा परीक्षा दोनसाठी केंद्रावर जायला पैसे नाहीत ही सबब कुणी पुढे केली तर ऐकून घेऊ नकोस. उठून त्यांच्या घरी जा. दोनदा जा, तिसऱ्यांदाही जा.

तुझी मुलं भाषेत कच्ची नाहीत, अनघा. बसवरची कन्नड पाटी चालत्या गाडीची वाचतात, बाजारात समोरचा माणूस बघून भाषा बदलतात, येळ्ळूर-कडोलीच्या साहित्य संमेलनांना बापाच्या खांद्यावर बसून गेलेली पोरं आहेत आपल्या भागातली. इंग्रजीच्या तासाला त्यांची वाचा बसते ती कुणी हसेल या भीतीने. तुझ्या वर्गात चुकीच्या वाक्याला कुणी हसलं तर त्या दिवशी पुढे शिकवू नकोस, आधी ते मिटव.

तू सांगितलेली ती मुलगी, जिने सहामाहीत नाव लिहून बाकी पेपर कोरा दिला, तिचं काय झालं ते फोनवर राहूनच गेलं. तिच्याशी एकटीशी बोललीस का? वर्गासमोर विचारू नकोस. तिला म्हणावं, सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलंस ते लिही, मराठी शब्द घुसले तरी चालतील. तीन वाक्यं लिहिली तरी मला हवी आहेत.

पुढच्या रविवारी येणार आहेस ना? तिची ती वही घेऊन ये, आपण दोघी मिळून बघू. माझ्या जुन्या वह्या माळ्यावरून काढून ठेवल्यात, आजीच्या निबंधांची वहीही सापडली. वाळवी लागली आहे थोडी, पण करवंदांचं पान शाबूत आहे.

थंडी पडायला लागली, सकाळच्या बसला स्वेटर घालून जात जा.

तुझी
आई