मरळीतील कृमी आणि पाकिटासोबतच्या ‘न शिजवता’ खाण्याच्या पाककृतीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन मासळी विक्री विभाग, पुणे

विषय : मरळीच्या तुकड्यांत आढळलेले जिवंत कृमी, त्याबाबत ग्राहक सेवा विभागाने दिलेली उत्तरे आणि पाकिटातील पाककृतीचे पत्रक तातडीने मागे घेण्याबाबत.

महोदय/महोदया,

गेल्या रविवारी आपल्या ॲपवरून मी मरळीचे एक किलो तुकडे मागवले होते. पाकिटावर ‘जलाशयातील नैसर्गिक मरळ, कधीही न गोठवलेली, प्रत्येक तुकडा हाताने तपासलेला’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. मीठ-हळद लावण्यापूर्वी तुकडे धुताना शेपटीकडच्या दोन तुकड्यांत, मांसाच्या आत रुतलेले, तांदळाच्या कणीएवढे पिवळसर दाणे दिसले. सुरीच्या टोकाने त्यांतला एक दाबला, तेव्हा त्याचे पातळ आवरण फुटून आतून एक चपटा किडा बाहेर आला आणि ताटलीतल्या पाण्यात अंग आखडत-पसरत राहिला. त्याची चित्रफीत सोबत जोडली आहे.

आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीने ही चित्रफीत पाहूनही ‘ती माशाची गाभोळी आहे, काळजी करू नये’ असे लेखी कळवले. गाभोळी माशाच्या पोटात असते, शेपटीच्या मांसात नसते, आणि ती चालत तर मुळीच नाही. मासळी विकणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने सांगावे लागावे, याचे नवल वाटते. मी पुन्हा लिहिल्यावर ‘गोड्या पाण्यातील माशांत असे कधीकधी आढळते, स्वच्छ धुऊन वापरावेत’ असे दुसरे उत्तर आले आणि पुढील खरेदीसाठी पन्नास रुपयांचे कूपन मिळाले. या उत्तराचा पहिला भाग खरा आहे, दुसरा निरुपयोगी आहे, कारण मांसात आवरण करून बसलेली अळी नळाखाली धुतल्याने निघत नाही.

तुकडे मी परिचयातील प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी ही क्लिनोस्टोमम नावाच्या पर्णकृमीची अळी असल्याचे सांगितले. या कृमीचा पूर्ण वाढलेला जीव बगळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्यांच्या तोंडात व घशात राहतो. त्याची अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली अळी आधी गोगलगायीत वाढते, मग माशाच्या कातडीतून आत शिरून मांसात दडून बसते आणि तो मासा पक्ष्याने खाल्ला की फेरा पूर्ण होतो. ज्या पाण्यात गोगलगाई आहेत आणि ज्याच्या काठाला बगळे आहेत, तिथल्या माशांत ही अळी सापडू शकते. आपल्याकडचे जवळजवळ प्रत्येक धरण तसेच आहे. त्यामुळे मरळीत कृमी निघाला एवढ्याच कारणाने मी आपल्याला दोष देत नाही. आमच्या घरात नदीची मासळी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. बाजारातल्या ओळखीच्या मावशी मरळ कापताना पोट साफ करून आतले काळे आवरण खरवडतात, पाठीचा भाग उजेडाकडे धरून पाहतात आणि संशय आला तर तुकडा बाजूला टाकतात. त्यांच्या टोपलीवर ‘हाताने तपासलेला’ अशी पाटी मात्र नसते.

माझी मुख्य तक्रार पाकिटात घातलेल्या रंगीत पत्रकाबद्दल आहे. त्यावर मरळीचे पातळ काप लिंबाचा रस, मीठ व हिरवी मिरची यांत अर्धा तास मुरवून, न शिजवता, काकडीबरोबर वाढावेत अशी परदेशी धर्तीची पाककृती दिली असून ‘लिंबाच्या आम्लाने मासा आपोआप शिजतो’ असे खाली लिहिले आहे. लिंबाच्या रसाने मांस पांढरे व घट्ट होते हे खरे, परंतु त्याने आतली अळी मरत नाही. घरात व्हिनेगर किंवा कोकमाचे आगळ वापरूनही फरक पडणार नाही. क्लिनोस्टोममची अळी शिजलेल्या माशात मरते आणि मग ती किळसवाणी असली तरी अपायकारक राहत नाही. पण गोड्या पाण्यातील कच्चा मासा खाल्ल्याने ती घशात चिकटून सूज व वेदना झाल्याची उदाहरणे जपान आणि कोरियात नोंदलेली आहेत.

याहून गंभीर धोका नॅथोस्टोमा या गोलकृमीचा आहे, आणि मरळीच्या जातीचे मासे त्याचे नेहमीचे वाहक आहेत. त्याचे पूर्ण वाढलेले जीव मांजर-कुत्र्यांच्या जठरात राहतात. माणसाच्या पोटात गेलेली अळी तिथे वाढू शकत नाही, म्हणून ती शरीरभर भटकते. त्वचेखाली जागा बदलणारी सूज येते आणि कधी ही अळी डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचते. थायलंडमध्ये कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या माशामुळे असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत, आणि भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. मरळीबरोबर कच्चा मासा खाण्याची पाककृती देताना आपल्याकडे कोणी एवढी चौकशीही केली नसावी, असेच म्हणावे लागते.

त्यात ‘कधीही न गोठवलेली’ ही आपल्या जाहिरातीतली बढाई इथे उलट घातक ठरते. रस्सा किंवा तळणी करणाऱ्यासाठी ताजी मरळ उत्तमच, परंतु मासा कच्चा खायचा असेल तर कृमी मारण्यासाठी तो आधी गोठवावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार त्यासाठी उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली 7 दिवस ठेवावे लागते. बर्फाच्या चुऱ्यात पाठवलेला मासा शून्य अंशाच्या आसपास असतो आणि त्या थंडीत अळी सुखाने जगते, हे माझ्या ताटलीत दिसलेच. शिजवायचे झाल्यास तुकड्याचा मधला भाग 63 अंशांपर्यंत तापला पाहिजे, असे तेच प्रशासन सांगते. जाड तुकडा मोठ्या आचेवर तळला तर वरून कुरकुरीत आणि काट्यापाशी कच्चा राहतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पाककृतीच द्यायची होती, तर हे सांगणारी द्यायला हवी होती.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 मधील असुरक्षित अन्नाच्या व्याख्येत किडे अथवा अळ्यांचा प्रादुर्भाव असलेल्या अन्नाचा समावेश आहे. तपासणीचा दावा छापून तपासणी न करणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे आपण या तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे.

तेव्हा आपण ते पत्रक पाकिटांतून आणि ॲपवरून ताबडतोब काढावे, आणि ज्या ग्राहकांना ते गेले आहे त्यांना ‘हा मासा कच्चा खाऊ नये’ असा स्पष्ट संदेश पाठवावा, ही माझी पहिली मागणी आहे. पैसे परत मिळावेत हे ओघाने आलेच, पण ते मी पत्रकानंतर मोजतो. त्याखेरीज हा माल कोणत्या जलाशयातला होता आणि ‘हाताने तपासलेला’ म्हणजे नेमके काय केले जाते, हे लेखी कळवावे. पातळ काप खालून पांढरा उजेड सोडलेल्या काचेवर ठेवून पाहण्याची पद्धत मासळी प्रक्रिया उद्योगात जुनी आहे. ती आपल्याकडे नसेल, तर तो मजकूर पाकिटावरून काढावा. गाभोळीचे उत्तर देणाऱ्या प्रतिनिधीवर कारवाई करावी अशी माझी इच्छा नाही, मात्र त्यांना मासा कापून दाखवावा.

मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवीन. उरलेले तुकडे मी घरच्या फ्रीजरमध्ये वेगळे बांधून ठेवले आहेत. आपल्या माणसाने ते तपासणीसाठी घेऊन जावे आणि त्याची पावती द्यावी.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : चित्रफीत, पाकिटाचे व पत्रकाचे छायाचित्र, बिलाची प्रत, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार.