सर्व सभासदांना सूचना : दुकानबंदीबाबत

७ एप्रिल २०२१

सप्रेम नमस्कार.

कोरोनामुळे शासनाने घातलेल्या नव्या निर्बंधांवरून आपल्या दुकानदारांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. राग समजतो. सगळ्यांनी ऐकलं ते ‘वीकेंड लॉकडाऊन’; आदेश हातात आला तेव्हा कळलं की अत्यावश्यक सोडून बाकी दुकानं आठवड्याचे सातही दिवस, ३० एप्रिलपर्यंत बंद. ऑनलाइन कंपन्यांची घरपोच डिलिव्हरी मात्र चालू. गेल्या वर्षी गुढीपाडव्यालाच देशभर टाळेबंदी लागली होती, आता १३ तारखेचा पाडवाही हातचा गेला. कापड आणि सोनंवाल्यांनी माल भरून ठेवलाय, भाडं आणि पगार थांबत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो आपण ठामपणे मांडणार.

पण शटर अर्धं वर करून धंदा करू नका. बेड मिळवण्यासाठी लोक वणवण फिरताहेत, ते आपलेच गिऱ्हाईक आणि शेजारी आहेत.

शुक्रवारी सकाळी ११ वाजता आपापल्या बंद दुकानासमोर फलक घेऊन उभं राहायचं. मोर्चा नाही, कारण पाचांहून जास्त जणांच्या जमावाला मनाई आहे. मास्क हवाच. निवेदन द्यायला तिघेच जातील. मागणी एकच : ठरावीक वेळेत दुकानं उघडू द्या.

पंचेचाळिशीपुढच्यांनी लस घ्यावी, नोकरांनाही घ्यायला लावावी.

दुकानबंदीला पाठिंबा देणाऱ्या सभासदांना ‘फितूर’ म्हणणारे मेसेज आजच काढून टाका. त्यांच्यापैकी काहींच्या घरात पेशंट आहेत.

– चिटणीस