फोटो छान, पण घराचा नकाशा कुठंय?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार

कोरियन सिरियल्समुळे तिथल्या जुन्या घरांचे, म्हणजे हानोकचे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात, पेपरच्या पुरवण्यांमधेही येतात. पण दरवेळी काय, तर वळणदार कौलांचं छप्पर आणि कागदी दारं, बस. जोसॉन राजवटीच्या काळातल्या यांगबान म्हणजे उच्चवर्गीयांचं घर नुसत्या छपरावरून कळतच नाही हो, त्यासाठी नकाशा बघावा लागतो.

कारण ती एक इमारत नसतेच. एका आवारात वेगवेगळ्या इमारती आणि मधे अंगणं. उंच दरवाजाला लागून नोकरांच्या खोल्यांची रांग, मग मालकाचं सारांगछे जिथे तो वाचत बसणार, पाहुण्यांना भेटणार, आणि बायकांचं आनछे पार आत, काही घरांत तर मधल्या दाराशी मुद्दाम एक आडवी भिंत घातलेली, बाहेरच्याची नजर थेट आत जाऊ नये म्हणून. पूर्वजांचं देवघर मागे, उंचावर. कन्फ्यूशियन समाजात कोणी कुठवर यायचं ते सगळं इथे बांधूनच ठेवलंय.

आणि हवामानाचा विचार तर मला फारच आवडतो. थंडीत चुलीचा जाळ आणि धूर जमिनीखालून दगडी लाद्या तापवत जातो, तेच ओन्दोल. उन्हाळ्यासाठी दोन खोल्यांच्या मधे लाकडी फळ्यांचा उघडा देचोंग, म्हणजे ओसरीसारखी मोकळी जागा, दारं वर उचलून आडवी टांगायची की वारा आरपार. पुढचं अंगण मोकळंच ठेवतात, ते तापलं की तिथली हवा वर जाते आणि मागच्या झाडीतली गार हवा देचोंगमधून ओढली जाते. पण ती चूल पेटती ठेवायला पहाटे उठायचे ते नोकर, त्यांच्या खोल्या फोटोत कधीच नसतात!

गुर्‍ये जिल्ह्यातलं उंजोरू हे घर बघा, 1776 सालचं. तिथे तांदळाची लाकडी कोठी ठेवलीय, गरजू कोणीही उघडून न्यावा म्हणून, आणि धुराडी मुद्दाम बुटकी, उपाशी शेजाऱ्यांना चुलीचा धूर दिसू नये. ही धुराडी मला कुठल्याही नक्षीपेक्षा मोठी वाटतात.

हाहवे आणि यांगदोंग ही अशा जुन्या घरांची गावं 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे असे लेख पुढेही येतीलच. तेव्हा एक फोटो कमी छापा पण साधा नकाशा द्या, आणि त्यात चुली नि नोकरांच्या खोल्याही दाखवा प्लीज.

आपला एक वाचक