पाणी निवले, केल्प परतली नाही

महोदय,

समुद्री उष्णतेच्या लाटेची बातमी आली की सोबत पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे छायाचित्र ठरलेलेच. प्रवाळांचे नुकसान मोठेच आहे, पण समशीतोष्ण किनाऱ्यांवर काय घडते, याकडे फारसे कुणी पाहत नाही.

एखाद्या जागच्या 30 वर्षांच्या नोंदींच्या तुलनेत पाणी सलग किमान 5 दिवस असाधारण तापलेले राहिले, की तिला लाट म्हणतात. पारा उतरला की लाट संपली. ही व्याख्या पाण्याची आहे, पाण्यातल्या जिवांची नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात 2011 च्या लाटेत केल्प या मोठ्या समुद्री शैवालाच्या पाणवनांची सुमारे 100 किलोमीटरची पट्टी नष्ट झाली. पाणी पुढे निवले, पण तोवर उष्ण समुद्रातले शाकाहारी मासे तिथे वाढले होते. केल्पचा कोंब वर येतो न येतो, तोच ते त्याचा फडशा पाडत. खडकांवर आखूड शेवाळाने बस्तान मांडले.

उत्तर कॅलिफोर्नियात तर एकातून दुसरे संकट उभे राहिले. 2013 पासून तारामासे रोगाने मरू लागले. त्यांतला सूर्यफूल तारामासा हा जांभळे अर्चिन या केल्प खाणाऱ्या काटेरी समुद्री जिवांचा शिकारी. तो तिथून जवळपास नाहीसाच झाला. पाठोपाठ 2014 ते 2016 या काळात ‘ब्लॉब’ या नावाने ओळखली गेलेली लाट आली. तापलेल्या पाण्यात पोषकद्रव्ये कमी, त्यामुळे केल्प अशक्त आणि अर्चिनांना धाक कुणाचाच नाही. 90 टक्क्यांहून अधिक केल्प गेली. अर्चिन मोठे चिवट! खायला काही उरले नाही तरी ते वर्षानुवर्षे तग धरतात आणि उगवेल तो कोंब संपवतात. त्याच केल्पवर जगणाऱ्या अ‍ॅबलोनी शिंपल्यांना मात्र ते जमले नाही. ते उपाशी मेले आणि 2018 मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली. अलास्काच्या आखातातील कॉड माशांचा साठा कोसळल्याचेही 2017 च्या पाहणीत, म्हणजे लाट ओसरल्यावरच कळले.

अर्चिन हाताने वेचून काढण्याचे प्रयत्न होत आहेत. छोट्या खाडीपुरते ते ठीक, शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्याला ते कसे पुरणार?

म्हणून विनंती अशी, की लाट ओसरल्याची बातमी छापून विषय मिटवू नये. दोन-तीन वर्षांनी त्याच किनाऱ्यावर केल्प किती उरली, मासळीचे काय झाले, हेही वाचकांना सांगावे.

आपला,
एक नियमित वाचक