झाडांबद्दल खरं बोलणारा माणूस

रत्नागिरी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

बागेचं काम मार्गी लागलं हे वाचून फार आनंद झाला. झाडांवर लिहिणाऱ्या जुन्या माणसांपैकी कोणाला वाचू, असं तू विचारलं आहेस. मी आधी गार्सिया द ओर्ताचं नाव घेईन. माणूस पोर्तुगीज, पण त्याची सगळी विद्या गोव्याच्या बाजारात आणि कोकणच्या मातीत वाढली.

१५३४ साली तो वैद्य म्हणून गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, दोघांची चांगली मैत्री जमली. पुढे पोर्तुगीजांनी त्याला मुंबई बेट खंडाने दिलं. तिथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर यायचा. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात आंब्याची चर्चा चालू असतानाच मुंबईचं कूळ आंब्यांची टोपली घेऊन गोव्याच्या घरी हजर होतं. कलमं लावणाऱ्या तुझ्यासारख्याला ते प्रकरण सोडवणार नाही.

पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं. छपाई इतकी कच्ची की शेवटी शुद्धिपत्राचीच कितीतरी पानं आहेत, चित्रं तर नाहीतच. सगळं लिखाण संवादरूपात आहे. एकीकडे ओर्ता स्वतः, दुसरीकडे रुआनो नावाचा कल्पित पाहुणा, स्पेनच्या विद्यापीठात शिकून आलेला. ओर्ताही तिथेच शिकला होता, म्हणून मला तर रुआनो म्हणजे त्याचंच तरुणपण वाटतं. रुआनो सारखा ग्रीक आचार्यांचे दाखले देतो. ओर्ता त्याला स्पष्ट सांगतो, डायोस्कोरिडीस आणि गॅलनची भीती मला घालू नकोस, मला माहीत आहे ते आणि खरं आहे तेवढंच मी सांगणार. सोळाव्या शतकात हे छापून काढायला छाती लागते रे! आणि माहिती कोणाकडून घ्यायची? तर हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, गुजराती व्यापारी, आणि घरातली अंतोनिया. ओर्ताने हाक मारली की ही मोलकरीण बोलणं चाललेली वस्तू आणून समोर ठेवते. जगाला औषधी वनस्पती दाखवणाऱ्या ग्रंथात तिचं नाव टिकून राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुझ्या अंगणात पारिजातक आहे ना? त्याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. सूर्यावर जीव जडलेली राजकन्या, त्याने टाकल्यावर तिने दिलेला प्राण आणि तिच्या राखेतून उगवलेलं, दिवसा फुलं न ठेवणारं झाड, ही आपली कथा तो मन लावून सांगतो. पण तिथेच थांबत नाही. फुलाचा केशरी देठ जेवणाला रंग आणण्यासाठी केशरासारखा वापरतात, हेही टिपतो. हिंगाच्या प्रकरणात तर विजयनगरातल्या पोर्तुगीजाचा घोडा आहे. पोटातल्या वाऱ्याने हैराण झालेला, म्हणून राजा तो विकत घेईना. हिंग चारला आणि घोडा बरा झाला. राजा म्हणाला, देवांचं अन्न दिल्यावर बरा होणारच! पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला, याला सैतानाचं अन्न म्हणा.

१५६७ साली क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि ओर्ता युरोपभर पोहोचला. लायडनच्या बागेत ट्यूलिप वाढवले तोच हा क्लूसियस.

आता मला खरं टोचणारं लिहितो. ओर्ताचे आईवडील ज्यू होते, पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. ओर्ता १५६८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि १५८० साली ओर्ताचीही हाडं उकरून जाळली. हिंगाबद्दल, आंब्याबद्दल बेधडक खरं बोलणाऱ्या या माणसाला स्वतःबद्दल मात्र जन्मभर गप्प राहावं लागलं. ग्रंथांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा त्याचा हट्ट या मौनातूनच आला असेल, असं मला मनापासून वाटतं. आज पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याचं नाव आहे.

मार्खमचं १९१३ सालचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे, ते पाठवतो. पारिजातक आणि आंबा ही प्रकरणं आधी वाच, मग सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश