शनिवारचं मी ठरवलंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बारीक होतो आणि मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते. म्हणून लिहितेय. पुण्यातला तो गट मी घेणार आहे, तसं कळवलंही. दर शनिवारी. घरी आई किंवा वडील पीत होते अशी, आता चाळिशी-पन्नाशीला आलेली माणसं येतील. त्यांच्याबरोबर क्षमेवर काम करायचं आहे.

बाबा, तिथे तुमची उजळणी होणार नाही. तुमच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या मीटिंगसारखंच, तिथलं तिथेच राहतं. दारू हा आजार आहे हे आपल्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने शिकवलं. अनिताताई अवचटांनी १९८६ मध्ये ते दार उघडलं म्हणून आपलं घर राहिलं, हे मी कधीच विसरणार नाही. पण त्या आजाराची झळ पोरांना मोठेपणीही लागत राहते. परवा भेटलेले एक गृहस्थ सांगत होते, अजून रात्री लिफ्टचा आवाज आला की पोटात गोळा येतो. स्वतः आजोबा झालेत ते! अशांना कुणीतरी नको का?

मीटिंगमधल्या बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीला, म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांच्यापाशी चूक कबूल करून भरपाई करायच्या पायरीला, तुम्ही माझ्यासमोर बसलात, तेव्हा मी चटकन ‘जाऊ द्या हो बाबा’ म्हटलं. तुमचे हात थरथरत होते, ते मला बघवेना. खरी माफी पुढे कितीतरी वर्षांनी आली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट नावाचे प्राध्यापक १९८५ पासून याचाच अभ्यास करताहेत. त्यांच्या पद्धतीत आधी राग पुरता बाहेर काढायचा, मग माफ करायचं की नाही ते आपलं आपण ठरवायचं. समोरच्याकडे माणूस म्हणून बघायचं ते त्यानंतर. आणि झालं ते बरोबर होतं, असं कुणी म्हणायचं नाही. मला हे पटतं, कारण माझं असंच झालं. तुम्हाला माफ केलंय बाबा, आतून.

आई, तुला जरा हळूच सांगते. पुष्कळांचा राग वडिलांवरून उतरतो, पण आईवर अडकून राहतो. माझाही होता. आता नाही गं. मामाचं घर कसं होतं, मला काय माहीत नाही? कुठे नेणार होतीस आम्हाला? बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून गोष्ट मोठमोठ्याने सांगायचीस. मला अजून तुझ्याच आवाजात झोप लागते.

शनिवारऐवजी रविवारी सकाळच्या गाडीने येईन. मावशी दोन्ही वेळचा स्वयंपाक करतील, त्यांच्याशी बोलले आहे. गॅसचा नंबर लावलाय. गोळ्यांचे डबे महिन्याचे भरून ठेवीन.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. अंधारात फिरायला जायचं नाही. गुडघा दुखला तर रिक्षा करा, पण मीटिंग बुडवू नका. आई, तू देवघरासमोर खाली बसणं बंद कर, स्टूल आणलंय ते वापर. आणि कुणी विचारलं, मुलगी शनिवारी काय करते, तर सरळ सांग.

रविवारी थालीपीठ करशील? लोणी मी आणते.

तुमची,
बबी